पित्ताचे खडे नाहीत, दारू नाही, मग पँक्रियाटायटिस कशामुळे? माझा अनुभव

एप्रिल म्हणजे आमच्याकडे देवगडात आंब्याच्या पेट्या भरायची घाई. त्या दिवशी दुपारी जेवून परत पेंढा पसरायला बसले आणि बेंबीच्या वर असं काही दुखायला लागलं की आरपार पाठीत जात होतं, आडवं पडलं की वाढायचं, पुढे वाकून बसलं की जरा बरं. सासूबाई म्हणाल्या, "गॅस झालो असात गो, ओवो चाव." संध्याकाळी उलट्या थांबेनात तेव्हा यांनी गाडी काढली.

रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, 1840 आलं, नॉर्मल 60 पर्यंत. स्वादुपिंडाला सूज, म्हणजेच पँक्रियाटायटिस, ॲडमिट. पाच दिवस सलाईन, पहिले दोन दिवस तोंडात पाणीसुद्धा नाही. दारू घेता का, हे तिथे मला तीन वेळा विचारलं, एकदा तर सासऱ्यांसमोर. विचारायलाच हवं, कारण पित्ताचे खडे आणि दारू हीच दोन मोठी कारणं, पण नाही म्हटल्यावर विश्वास ठेवावा ना माणसावर. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ. मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बघितलं, ते 1000 च्या वर गेलं तर त्यानेही हा आजार होतो म्हणे, माझं 148. कॅल्शियम 9.2, नॉर्मल. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, कारण अज्ञात.

महिन्याभराने कणकवलीला एका तरुण फिजिशियनना दाखवायला गेले. त्यांनी जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि विचारलं, "ताई, तुम्हाला मुतखडा दोनदा झालाय ना?" हो, 2019 ला आणि 2022 ला, पण इथे उन्हाळ्यात घाम एवढा जातो की मुतखडा म्हणजे पाणी कमी प्यायलं असेल, बस, एवढ्यावरच विषय संपतो. ते म्हणाले कॅल्शियम परत करू, पोटदुखीच्या अटॅकच्या वेळचं धरायचं नाही, कारण सुजेत ते रक्तातून ओढलं जातं आणि वाढलेलं असलं तरी तेव्हा नॉर्मल दिसू शकतं. परत केलं तर 11.8! सोबत पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन, 168, हवं 65 च्या आत.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, रक्तात कॅल्शियम वाढलं की त्यांनी गप्प बसायचं. माझी एक गप्प बसतच नव्हती, हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात सोडत होती. तेच किडनीत गेलं की खडा. आणि स्वादुपिंडाचे पाचक रस जे आतड्यात पोचल्यावर जागे व्हायला हवेत ते जास्तीच्या कॅल्शियममुळे तिथेच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवायला लागतात. असं सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं, मी त्यातली. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं मी कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते, कोणी एकदा तरी रक्त तपासून बघितलं असतं तर! याचं मला अजून वाईट वाटतं.

फोंडा घाट चढून कोल्हापूरला कुठली ग्रंथी बिघडलीय ते शोधायला न्यूक्लिअर स्कॅन केला, डावीकडची खालची ग्रंथी चमकली. जुलैमध्ये ऑपरेशन. काढलेली गाठ ओल्या काजूगराएवढी होती. ती निघाल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच पीटीएच तपासलं, निम्म्याच्याही खाली आलेलं, म्हणजे बरोबर तीच ग्रंथी निघाली असं कळतं. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, मी घाबरले, पण हाडं आता कॅल्शियम परत ओढून घेतायत म्हणून असं होतं, मग काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या, या वेळी मात्र दर काही दिवसांनी रक्त तपासून.

जानेवारीत सहा महिन्यांचा रिपोर्ट आला, कॅल्शियम 9.3, पोटात पुन्हा दुखलेलं नाही. डॉक्टर म्हणाले हे क्वचित घराण्यातही असतं. माझ्या मालवणच्या धाकट्या बहिणीला मागच्या वर्षी मुतखडा झाला होता, सोमवारी तिला रक्त तपासायला घेऊन जातेय.