बारा जोड आणि दारातला कर

परदेशात माल पाठवणाऱ्या लहान विक्रेत्यांना २०२५ सालचा ऑगस्ट महिना बराच काळ लक्षात राहील. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात कर लागत नसे. २०१६ पासून या रकमेपर्यंत मिळणारी ही सवलत २९ ऑगस्टपासून सर्व देशांसाठी बंद होणार, असा आदेश तिथे ३० जुलैला निघाला. कर कोणी गोळा करायचा, कोणाकडे भरायचा आणि त्याची माहिती कशी द्यायची, हे स्पष्ट नसल्यामुळे विमान कंपन्यांनी टपाल नेण्यास असमर्थता दाखवली आणि आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे टपाल थांबवावे लागले. पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू राहिल्या. महिनाअखेरीस त्याही बंद झाल्या. शिवाय २७ ऑगस्टला, म्हणजे इकडे गणेश चतुर्थी असताना, भारतीय मालावरील अमेरिकेचा वाढीव कर २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. २५, २७ आणि २९ ऑगस्ट या तीन तारखांच्या मध्ये माझे कोल्हापुरी चपलांचे बारा जोड अडकले होते.

मी कोल्हापुरात राहते आणि सुभाषनगर व जवाहरनगर भागातल्या कारागीर कुटुंबांकडून करून घेतलेल्या कोल्हापुरी चपला इंटरनेटवरून परदेशी ग्राहकांना विकते. त्या वर्षी जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधील सादरीकरणात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यावर मोठी चर्चा झाली. तेव्हापासून परदेशातून होणारी विचारणा वाढली होती. जुलैमध्ये न्यू जर्सीतील एका ढोल-ताशा पथकासाठी बारा जोडांची मागणी आली. जोडाला २,४०० रुपये, म्हणजे एकूण २८,८०० रुपयांचा माल. वाहतूक खर्च वेगळा. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी शनिवारीच येत होती आणि त्या दिवशीच्या मिरवणुकीत सर्वांच्या पायात सारख्या घाटाच्या कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपला हव्यात, अशी त्यांची इच्छा होती. मागणी करणारे गृहस्थ मूळचे पुण्याचे. सर्वांची पावले कागदावर ठेवून पेन्सिलीने रेखाटून पाठवा, असे मी पहिल्याच दिवशी कळवले होते. त्याऐवजी आधी तिकडच्या बुटांचे क्रमांक आले, मग त्यांतले काही बदलले, आणि रेखाटने आली तोवर ऑगस्ट उजाडला होता. कोल्हापूरच्या पावसात कातडे लवकर सुकत नाही आणि ओल्या कातड्यावर घाईने काम केले तर जोड पुढे बिघडतो. त्यामुळे शेवटचे तीन जोड हाती यायला २५ ऑगस्टची सकाळ उजाडणार होती.

टपाल थांबणार असल्याचे शनिवारी, २३ तारखेलाच जाहीर झाले होते. सोमवारी सकाळी साडेआठला, म्हणजे न्यू जर्सीत रविवारची रात्र सरत आली असताना, मी त्या गृहस्थांना फोन केला आणि परिस्थिती सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण त्यांचे उत्तर तयार होते.

“ताई, एवढं ताणताय कशाला? दोन-दोन जोडांचे सहा पुडे करा, प्रत्येकावर ‘भेट’ लिहा आणि किंमत वीस डॉलर टाका. माझ्या ओळखीतले सगळे असंच मागवतात.”

“दादा, तुम्ही पैसे मोजून घेतलेला माल आहे हा. त्याच्यावर मी भेट लिहिणार नाही.”

“मग कर कोण भरणार? मी चपलांचे पैसे दिलेत. माल माझ्या दारात पोचवणं हे तुमचं काम आहे.”

भेट लिहिण्याची ही मागणी मला नवी नव्हती. परदेशी पार्सल पाठवणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी ऐकावी लागते आणि नकार दिला की विक्रेता आडमुठा ठरतो. नकारामागची कारणे मात्र कोणी समजून घेत नाही. टपालाने माल निर्यात करताना जे निर्यातपत्र ऑनलाइन भरावे लागते, त्यावर माझा आयात-निर्यात परवाना क्रमांक असतो आणि त्यातली प्रत्येक ओळ खरी असल्याचे मी लिहून देते. ६४०३२० हा मालाचा क्रमांक मी त्यात भरते. जागतिक सूचीत कातडी तळ असलेली आणि पावलाच्या वरच्या बाजूने व अंगठ्याभोवती कातडी पट्टे जाणारी पादत्राणे याच क्रमांकाखाली येतात. आपल्या चपलेचे इतके नेमके वर्णन त्या रुक्ष सूचीत वाचताना मला नेहमी अभिमान वाटतो. जाहीर केलेली किंमत आणि बँकेत आलेले परकीय चलन यांचा मेळ बसावा लागतो, आणि पुडा गहाळ झाला तर भरपाईसुद्धा त्याच किमतीच्या आधारे ठरते. वीस डॉलर लिहून पाठवलेल्या पुड्यातला जोड हरवला, तर हाच ग्राहक माझ्याकडे पूर्ण किंमत परत मागणार असतो. पकडले जाण्याची शक्यता किती, हा माझ्या दृष्टीने मुद्दाच नाही. ज्या व्यवसायावर दहा-बारा घरे चालतात, तो व्यवसाय मी खोट्या कागदावर उभा करणार नाही.

टपाल कार्यालयात जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर नोंद करून दाखवली. “ताई, अमेरिका टाकलं की सिस्टीम पुढंच जात नाही बघा,” त्या म्हणाल्या. त्यांचा यात काहीच दोष नव्हता, आणि नेहमीच्या लोकांची कामे अडलेली पाहून त्यांनाही वाईट वाटत होते.

आता खासगी कुरिअर हाच मार्ग उरला. कुरिअर एजंटाच्या म्हणण्याप्रमाणे त्या संध्याकाळी माल मुंबईच्या गाडीत चढला, तर तो २८ तारखेपर्यंत अमेरिकेत पोहोचू शकत होता. २९ तारीख लागण्यापूर्वी तो तिथल्या सीमाशुल्कातून सुटला, तर जुनी सवलत मिळून कर शून्य. त्यानंतर सुटला, तर ५० टक्के, म्हणजे १४,४०० रुपये आणि वर कुरिअरचे हाताळणी शुल्क. एजंट प्रामाणिक होता. पोहोचेल, पण खात्री देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

वाहतुकीचा हिशेब तर आणखीच अवघड होता. कुरिअरवाले खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पाच हजारांनी भागायचे. बारा जोडांचे खरे वजन नऊ किलोंच्या आसपास होते, पण मी आणून ठेवलेला खोका ६० बाय ४० बाय ३५ चा होता आणि त्याचे वजन १६.८ किलो, म्हणजे व्यवहारात १७ किलो, धरले जाणार होते. किलोमागे ६५० रुपये दर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जवळजवळ निम्मे पैसे खोक्यातल्या हवेचेच जाणार होते.

तेवढ्यात शेवटचे तीन जोड घेऊन मामा आले. चपला करण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले आहे. त्यांना मी मामा म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात. माझी अडचण ऐकून त्यांनी सगळे जोड जमिनीवर मांडले आणि तळाला तळ, टाचेजवळ पुढचा भाग असे उलटसुलट रचून दाखवले. कान, म्हणजे चपलेच्या बाजूचे कातडी पट्टे, दुमडता कामा नयेत, गोंडे दबता कामा नयेत आणि वेणीवर भार येता कामा नये, हे सांभाळून त्यांनी बारा जोड अशा रीतीने बसवले की ५० बाय ४० बाय ३२ च्या खोक्यात ते मावले. १२.८ किलो, म्हणजे १३ किलो. चार किलोंचे भाडे वाचले आणि जीएसटी धरून तीन हजारांहून अधिक रुपये कमी झाले. पावसाळी हवेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले तर कातड्याला बुरशी येते, म्हणून प्रत्येक जोडाला कागद लावला. खोक्यात घालण्यापूर्वी मी प्रत्येक जोडाचे उजेडात फोटो काढले. हा माझा नेहमीचा नियम आहे.

दुपारी मी त्या गृहस्थांना सविस्तर लिहिले. टपालाच्या ठरलेल्या खर्चापेक्षा कुरिअरचा जो खर्च जास्त येईल तो मी सोसेन, खरी किंमत जाहीर करेन, आणि अमेरिकेत कर लागला तर तो तुम्ही भरायचा. मान्य नसेल तर आजच सर्व पैसे परत करते. संध्याकाळी पाचच्या सुमारास, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांचे उत्तर आले: “ठीक आहे, पाठवा. कर लागलाच तर बघू.” कुरिअरची गाडी दारात उभी होती, पण ‘बघू’ या शब्दावर मी माल सोडणार नव्हते. मी पुन्हा विचारले. गाडीवाल्या मुलाने घड्याळ दाखवायला सुरुवात केली तेव्हा कुठे “कर मी भरेन” एवढे उत्तर आले आणि खोका गेला.

तो २८ तारखेला अमेरिकेत उतरला आणि २९ ला सीमाशुल्कातून सुटला. कर लागला. त्यांनी तो हाताळणी शुल्कासह भरला, खोका ताब्यात घेतला आणि अनंत चतुर्दशीला पथक त्याच चपला घालून वाजवत होते. तसे फोटो त्यांनीच मला पाठवले. त्यानंतर दोन दिवसांनी ज्या साइटवरून ही विक्री झाली तिथे त्यांची तक्रार दाखल झाली: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. चार जोडांत डाव्या-उजव्या चपलेच्या रंगात फरक असल्याचे कारण होते आणि त्या चार जोडांचे ९,६०० रुपये परत हवे होते.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यात छटेचा थोडा फरक असतोच, आणि हे माझ्या प्रत्येक वस्तूखाली लिहिलेले असते. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांतल्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते हाताने केलेल्या या कामालाच. मामांना फोटो दाखवले तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, कातडं म्हंजे गिरणीतलं कापड हाय व्हय, सगळं एका रंगाचं निघायला?” पण तक्रारीच्या यादीत ग्राहकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ यावर खूण केली की परतीचे भाडे विक्रेत्यावर येते. चार जोड अमेरिकेतून कोल्हापूरला आणण्याचे भाडे त्यांच्या किमतीच्या घरात जाणार होते. परत आलेल्या मालावर इथला आयात कर माफ होऊ शकतो, पण आपण निर्यात केलेला तोच हा माल, हे कागदोपत्री सिद्ध करून दाखवावे लागते. चार जोडांसाठी त्या खेपा कोण घालणार? अशा वेळी बहुतेक लहान विक्रेते माल परत न मागता पैसे देऊन टाकतात, आणि हे माहीत असलेले काही ग्राहक त्याचा आधार घेतात.

मी पैसे दिले नाहीत. पाठवण्याआधीचे फोटो, वस्तूखालचे वर्णन आणि कराबद्दलचे त्यांचे लेखी उत्तर साइटकडे सादर केले. निर्णय अर्धामुर्धा आला: चार जोडांची निम्मी किंमत, ४,८०० रुपये, माझ्या खात्यातून वळते झाले आणि चपला त्यांच्याकडेच राहिल्या. कोणत्या पुराव्यावरून निम्मेच ठरले, याचा खुलासा मागूनही मिळाला नाही. ज्या व्यवस्थेत निर्णयाचे कारण सांगितले जात नाही, तिथे खरे वागणाऱ्याला पुढच्या वेळी काय सांभाळावे हेसुद्धा कळत नाही, आणि हा मला त्या रकमेपेक्षा मोठा अन्याय वाटतो. मामांना आणि इतर कारागिरांना बाराही जोडांची मजुरी पूर्ण दिली. त्यात कपात करण्याचा प्रश्नच नव्हता.

नंतर त्या गृहस्थांचा फोन आला. रागाने बोलायचे नाही, असे मी ठरवले होते. ते म्हणाले, “ताई, तुमच्यावर राग नाही माझा. पण पथकातल्या प्रत्येकाला मी एक किंमत सांगून पैसे गोळा केले होते. वरचा सगळा कर माझ्या खिशातून गेला. तो मी एकट्याने का सोसायचा?” त्यांनी वापरलेला मार्ग चुकीचाच होता आणि तसे मी त्यांना सांगितले. तरी त्यांची अडचण मला समजली. वस्तू घेताना न दिसलेली रक्कम दारात आली की माणूस ती मागायला समोर दिसेल त्याच्याकडे जातो, आणि साता समुद्रापलीकडच्या त्या व्यवहारात त्याला समोर दिसत असतो तो फक्त विक्रेता.

१५ ऑक्टोबरपासून, दिवाळीच्या तोंडावर, अमेरिकेचे टपाल पुन्हा सुरू झाले. आता जाहीर किमतीच्या ५० टक्के कर इथेच, पार्सल नोंदवताना भरायचा होता. मी अमेरिकेसाठीच्या किमती त्याच आठवड्यात बदलल्या: चपलेची किंमत, टपालखर्च आणि कर वेगवेगळे दाखवून खाली एकच बेरीज दिली. २,४०० रुपयांच्या जोडावर १,२०० रुपयांचा कर पाहून अनेकजण विचारून थांबले आणि त्या दिवाळीत तिकडच्या मागण्या निम्म्यावर आल्या. ज्यांनी घेतले, त्यांच्यापैकी कोणाची तक्रार आली नाही.

नोव्हेंबरमध्ये मेलबर्नहून सहा जोडांची मागणी आली. ऑस्ट्रेलियात हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या परदेशी मालावरचा दहा टक्के जीएसटी मोठ्या साइट खरेदीच्या वेळीच कापून घेतात. २०१८ पासून तिथे तशी पद्धत आहे, आणि तेवढ्या किमतीच्या मालावर दारात वेगळा आयात कर लागत नाही. त्या ताईंनी कराबद्दल एक शब्दही विचारला नाही. पावलांची रेखाटने दुसऱ्याच दिवशी पाठवली आणि कान लहान हवेत, एवढेच लिहिले. मामांनी त्यांचे जोड करायला घेतले आहेत.