तुम्ही विचारलंत म्हणून : नेमका त्रास काय होतो?

"दिसायला तर तुम्ही चांगल्या आहात, मग नेमका त्रास काय होतो?" शाळेत, लग्नाच्या पंगतीत, परभणीच्या बसस्थानकावर हा प्रश्न इतक्यांदा आला आहे, की "काही विशेष नाही" हे उत्तर तोंडात तयारच असते. आज ते बाजूला ठेवते.

मला शार्को-मारी-टूथ नावाचा आजार आहे. शार्को, मारी आणि टूथ या तीन डॉक्टरांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला हा नसांचा आनुवंशिक आजार आहे. माझ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाची एक प्रत जास्तीची असते. त्यामुळे नसांवरचे आवरण बिघडते आणि सर्वांत लांबच्या नसा, म्हणजे पायांच्या, आधी दुबळ्या होतात. पंजा लोंबतो, म्हणून गुडघा उंच उचलून चालावे लागते. पुढे हातांची पाळी येते. साडीच्या निऱ्या, ब्लाउजचे हुक, कुलपाची किल्ली या प्रत्येक ठिकाणी बोटे हट्ट करतात.

पण हे सगळे ऐकूनही तुमचा चेहरा "एवढेच ना?" असाच राहतो, म्हणून तुळजापूरचे सांगते.

वैशाखातली दुपार होती. पंजा उचलून धरणारा स्प्लिंट बुटातच बसतो, त्यामुळे बुटांबरोबर तोही बाहेर ठेवावा लागला. तापलेल्या फरशीवर जाऊबाई आणि मुले टाचांवर उड्या मारत सावली गाठत होती. मी मात्र ओटीचे ताट सांभाळत संथपणे चालले होते, कारण माझे सगळे लक्ष फरशीच्या सांध्यात अंगठा अडकू नये याकडे होते. सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, "हिची श्रद्धा बघ, चटकासुद्धा बसत नाही." खरे सांगते, मला ते आवडले. ज्या चालण्याची लहानपणापासून नक्कल होत आली, त्याचे कौतुक होण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मी गप्प राहिले. परतल्यावर मोजा काढू लागले तर तो तळव्याला चिकटलेला. "आई, केवढे फोड आलेत!" असे मुलगी ओरडली, तेव्हा मला पाय पोळल्याचे कळले. त्या जखमा भरायला पावसाळा उजाडला. रोज ड्रेसिंग करणारे डॉक्टर विचारत, "दुखते का?" दुखत नव्हते, आणि त्रास नेमका तोच होता.

तेव्हाची मी म्हणेल, एका चटक्याचे एवढे काय? या आजाराने आयुष्य सहसा कमी होत नाही, बहुतेक जण चालते राहतात, मीही नोकरी करते आहे. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. तरीही तिला विचारावेसे वाटते, की इतरांचे पाय जे आपसूक करतात ते मला डोळ्यांनी करावे लागते, त्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा? अंधारात मला तोल सांभाळता येत नाही, म्हणून वीज गेली की मी असेन तिथे बसते. चालताना बोलणाऱ्याकडे पाहिले तर पडते, आणि न पाहिले तर शिष्ट ठरते. संध्याकाळी स्वयंपाकापुरतेही बळ उरत नाही, त्याला घरात आळस म्हणतात. औषध विचाराल, तर मूळ आजार बरा करणारे अजून नाही. स्प्लिंट, व्यायाम आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया, एवढेच हाती आहे.

यानंतरचा प्रश्न तुम्ही हळू आवाजात विचारता : मग मूल का होऊ दिले? माझ्या वडिलांचा पाय "जन्माचाच अधू" एवढेच आम्हाला ठाऊक होते. आजाराचे नाव कळले तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. यजमान म्हणतात, तिची तपासणी आताच करून घेऊ. माझे म्हणणे असे, की लक्षणे नसताना करायची तपासणी सज्ञान झाल्यावर तिने ठरवावी. नाव आधी कळले असते तर मी काय केले असते, याचे उत्तर मात्र मी स्वतःलाही दर वेळी वेगळे देते.