कूसामो, लपण आणि साडेदहा तास

यंदा दादा फेब्रुवारीत आमच्याकडे फिनलंडला, एस्पोला येणार म्हटल्यावर तिकीट काढायच्या आधीच मी त्याला सांगून टाकलं होतं, नॉर्दर्न लाइट्स दिसले तर दिसले, आपण गरुडासाठी चाललोय. गोल्डन ईगल, सोनेरी गरुड, आणि तोही लपणात, म्हणजे पक्ष्याला आपण दिसू नये म्हणून बांधलेल्या खोपटात बसून. त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, आमच्या घरात कॅमेऱ्याचं वेड त्यानेच आणलंय, मी अकरावीत असताना त्याच्या बाइकवर मागे बसून भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचे तेव्हापासूनचं हे सगळं आहे.

कूसामो म्हणजे हेलसिंकीपासून रस्त्याने साधारण 800 किलोमीटर उत्तरेला, रशियाच्या बॉर्डरला लागून, आर्क्टिक सर्कलच्या जरासं खाली. आम्ही विमानाने गेलो. बाकी प्रवासी रुकाला स्कीइंग करायला निघालेले, सगळ्यांच्या हातात स्कीच्या लांबलचक पिशव्या, आणि दादा मांडीवर लेन्सची बॅग घट्ट धरून बसलेला, ती वर ठेवायला तयारच नाही.

गाईड पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हाला लाकडी केबिनमध्ये बसवून नियम सांगितले. पहाटे अंधारात आत जायचं आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरच बाहेर यायचं, मधे काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. गरुडाने एकदा माणसाला त्या खोपटातून बाहेर पडताना बघितलं की तो ती जागा लक्षात ठेवतो आणि मग कित्येक दिवस, कदाचित अख्खा सीझन तिकडे फिरकत नाही. फिनिशमध्ये लपणाला पीलोकोयू म्हणतात, म्हणजे लपायची खोपीच. लेन्स एका कापडी बाहीतून बाहेर काढायची, आणि पक्षी समोर असताना ती फिरवायची झाली तर घड्याळाचा मिनिटकाटा फिरतो तशी फिरवायची. शटर सायलेंटवर. खाण्याच्या पदार्थांचे कुरकुरीत पुडे रात्रीच सोडून ठेवायचे, आत प्लॅस्टिकचा आवाज नको.

मी संक्रांतीच्या आठवड्यात केलेल्या गूळपोळ्या फ्रीझ करून ठेवल्या होत्या त्या नेल्या होत्या. रात्री त्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळल्या, स्टीलच्या डब्याचं झाकण वाजतं म्हणून डबा तसाच केबिनवर ठेवला. दादाने खिशातली नाणीसुद्धा काढून टेबलावर ठेवली. हे बघून गाईड पहिल्यांदा हसला.

सकाळी पावणेसहाला बाहेर उणे 27. नाकातले केस गोठतात म्हणजे काय होतं ते दादाला दारातच कळलं. हेडलॅम्प लावून स्नोमोबाइलच्या पट्ट्यावरून दहा मिनिटं चालत गेलो, गाईडने आम्हाला आत घातलं, समोर पंचवीस-तीस मीटरवर मांसाचा गोठलेला मोठा तुकडा ओंडक्याला तारेने बांधला म्हणजे कोणी उचलून नेणार नाही, आणि निघून गेला. गॅसची छोटी शेगडी होती पण ती जास्त वाढवली की समोरच्या काचेवर वाफ धरते, त्यामुळे गुडघ्यापर्यंत ऊब आणि पाय मात्र बर्फात असा प्रकार. कोपऱ्यात पडद्याआड बादली. साडेदहा तास.

पहिल्या दिवशी गरुड आला नाही.

पण तो दिवस वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही. उजेड फुटला तसे आधी सैबेरियन जे (jay) नावाचे पक्षी आले, फिनिशमध्ये कूक्केली, तपकिरी-राखाडी पक्षी आणि उडाला की शेपटीत एकदम गंजासारखा केशरी रंग. पाइनच्या झाडांवर लायकेनच्या, म्हणजे दगडफुलासारख्या वाढीच्या दाढ्या लोंबत असतात ना, त्यात आणि सालीच्या फटीत हे मांसाचे बारके तुकडे कोंबून ठेवत होते, थुंकीने चिकटवून. पुढच्या उपाशी दिवसांची बेगमी. एकजण माझ्या लेन्सच्या हूडवर येऊन बसला, मला व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं धूसर काहीतरी दिसलं आणि त्याच्या नखांचा धातूवरचा आवाज ऐकू आला, मी श्वास धरून बसले. मग रेवन आले, आपल्या डोमकावळ्याचे थोरले भाऊच म्हणायचे, चोच केवढी आणि आवाज असा की कोणीतरी रिकाम्या पिंपात बोलतंय. ते दिवसभर खात होते आणि भांडत होते. तीनच्या सुमाराला सूर्य झाडांमागे गेला, बर्फ निळा झाला, आणि आम्ही तसेच बसून.

रात्री केबिनमध्ये सूप पिताना दादा म्हणाला, "तुला आपला तो स्टेपी ईगल आठवतोय का?"

आठवत होता. मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी घरी आले होते आणि आम्ही भिगवणच्या बाजूच्या माळरानावर गेलो होतो, जीप ठरवून. एक स्टेपी ईगल जमिनीवर बसला होता, सकाळची वेळ, अजून ऊन तापलेलं नव्हतं. आम्हाला उडतानाचा फोटो हवा होता. जीपवाल्याला आम्हीच सांगितलं, दादा घ्या अजून थोडं पुढे, आणि तो उडाला, लांब जाऊन बसला, आम्ही परत मागे. असं पाच वेळा. पाचव्यांदा तो उडाला तेव्हा पंख जड पडत होते हे मला व्ह्यूफाइंडरमधून दिसत होतं, तरी मी बटण दाबून ठेवलं होतं. तो पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे थंडी काढायला आलेला, आणि एवढे मोठे गरुड सकाळी तापलेल्या हवेची वाट बघत बसतात, वर चढायला फुकटची लिफ्ट मिळते म्हणून. ती मिळायच्या आधी आम्ही त्याला पाच वेळा स्वतःच्या जोरावर उठवलं. तो फोटो चांगला आला होता. लोकांनी खूप लाइक केला. मी तो नंतर काढून टाकला, पण काढून टाकल्याने त्या पक्ष्याला त्याची सकाळ परत मिळाली नाही.

मी हे गाईडला मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की इथे हिवाळ्यात प्रत्येक उड्डाण म्हणजे खर्च असतो, आणि जमा होण्याची खात्री कधीच नसते. म्हणून तो माणसांना डांबून ठेवतो, पक्ष्यांना मोकळं.

दुसऱ्या दिवशी उणे 19, म्हणजे दादाच्या भाषेत उकडत होतं. पावणेअकराला सगळे रेवन एकदम मांसावरून उठले. गप्प झाले. बर्फावरून एक सावली सरकली, आणि डावीकडच्या केलोवर ती येऊन बसली. केलो म्हणजे वाळून उभाच राहिलेला जुना पाइन, साल गळून चांदीसारखा राखाडी झालेला. ती असं म्हणतेय कारण नंतर फोटो बघून गाईडने सांगितलं की अंगाने एवढी मोठी म्हणजे मादीच, गरुडांत मादी नरापेक्षा मोठी असते.

ती त्या फांदीवर पन्नास मिनिटं बसली. मान फिरवून आमच्या खोपटाकडे तिने दोनदा बघितलं, सरळ लेन्समध्ये, आणि दोन्ही वेळा माझ्या हातातून बळ गेलं. दादाचा हात शटरकडे जायला लागला तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. नको. अजून नको. ती आधी ठरवू दे.

मग ती उतरली. पंख उघडले तेव्हा दोन मीटरची तरी रुंदी, आणि बर्फावर टेकताना पंखांच्या वाऱ्याने भुकटी उडाली ती तिच्याच मानेवर बसली. मानेमागचा सोनेरी रंग मी पुस्तकात शंभरदा बघितलाय पण तो पिवळा नसतोच हो, तो गुळाच्या पाकाचा रंग आहे, उन्हात धरलेल्या. पायांवर बोटांपर्यंत पिसं, जणू लोकरीची पायजमी घातलीय. तिने एक पाय मांसावर रोवला, चोचीने धरलं आणि अख्ख्या अंगाने मागे ओढलं. गोठलेलं मांस फाटताना टरकन आवाज येतो, तीस मीटरवरून, काचेच्या आत ऐकू आला. चोचीच्या टोकाला बर्फाचा एक खडा चिकटला होता, तो तिने फांदीवर पुसावा तसा ओंडक्याला पुसला. रेवन मागून तिची शेपटी ओढायला यायचे, ती नुसते पंख पसरून मांस झाकायची, परत खायला लागायची. गळ्याखालची पोटळी हळूहळू फुगत गेली. चाळीस मिनिटं. कोणालाही घाबरलेली नव्हती. मी इतक्या वर्षांत एवढ्या जवळून न घाबरलेला गरुड पहिल्यांदा बघितला.

फोटोवाल्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. बर्फामुळे कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करून टाकतो, म्हणून मी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवून ठेवला होता, पण गडद पक्षी आणि पांढरी जमीन यात गरुडाच्या अंगावरची पिसं दिसायला हवीत, त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, सारखा बघा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. आणि संध्याकाळी केबिनमध्ये शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच्या थंडीतच पिशवीत हवाबंद करा, नाहीतर आत गेल्या गेल्या त्याच्यावर पाणी सुटतं.

मांस ठेवून पक्षी बोलावणं बरोबर का, हा प्रश्न दादाने विचारलाच आणि विचारायलाच हवा. गाईडने त्याच्या देशातली गोष्ट सांगितली. 1970च्या दशकात फिनलंडमधले पांढऱ्या शेपटीचे सागरी गरुड डीडीटी आणि पीसीबीच्या विषाने संपत आले होते, अंडीच उबत नव्हती, तेव्हा लोकांनी हिवाळाभर त्यांना विषमुक्त मांस नेऊन ठेवलं, आणि पुढे ही विषं बंद झाली, गरुड सावरले. सोनेरी गरुडाला इथे 1962 पासून संरक्षण आहे. पण तो रेनडिअरची पिल्लं मारतो, म्हणून पाळणाऱ्यांचा राग असतो. तर सरकार आता मेलेलं पिल्लू मोजत बसत नाही, ज्या पाळणाऱ्यांच्या भागात गरुडांची घरटी आणि वीण असते त्यांना त्या हिशोबाने भरपाई देतं. म्हणजे घरटं नांदलं तर पाळणाऱ्याच्याही हातात काहीतरी पडतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, आणि आपल्याकडच्या माळरानांवरचे मेंढपाळ आणि लांडगे आठवले.

मांस ठेवायचं तर ते पक्ष्याच्या सोयीने, हे मात्र मला पटलं. इथे हिवाळाभर ठेवतात, कोणी फोटोवाले आलेले असोत नसोत. फक्त गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मांस टाकायचं आणि मग विसरायचं, हे चालणार नाही.

तिसऱ्या दिवशी ती दुपारी अडीचला आली, खाल्लं, आणि त्याच केलोवर जाऊन बसली. चार वाजले. पाच वाजले. आकाश जांभळं झालं, कॅमेऱ्याला काही दिसेना, मी लेन्स बाहीतून आत ओढली सुद्धा नाही कारण ती अजून तिथेच होती, काळी आकृती, मान आत घेतलेली. आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं, सामान भरायचं बाकी, पायांना तर जाणीवच उरली नव्हती. दादाने फोन अंगरख्यात लपवून, ब्राइटनेस शून्यावर आणून गाईडला मेसेज केला की पक्षी अजून बसलाय. उत्तर आलं, थांबा, मी पण थांबतो.

मग आम्ही शेवटची गूळपोळी अर्धी अर्धी करून खाल्ली आणि थांबलो. सहाला दहा मिनिटं असताना फांदी रिकामी दिसली. कधी उडाली ते दोघांनाही कळलं नाही. दादा कानाशी येऊन कुजबुजला, "अजून पाच मिनिटं जाऊ दे, मग सांगू त्याला."