फाइल कॉपी रखडते तेव्हा

आधी विंडोजच्या कॉपीच्या चौकटीत ‘मोअर डिटेल्स’ उघडा आणि आलेख बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

बाहेरच्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला ३०-४० एमबीवर सपाट चालत असेल, तर बहुधा जोडणी जुन्या, संथ यूएसबी २ वर झालेली असते. वेगवान यूएसबी ३ च्या टाइप-ए (नेहमीच्या चपट्या, आयताकृती) पिनेत पुढे ४ आणि आत खोलवर आणखी ५ संपर्कपट्ट्या असतात. पिन अर्धवट बसली, किंवा केबलमध्ये त्या ५ तारा नसल्या, तर काम जुन्या ४ तारांवरच चालतं. म्हणून केबल बदला, कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या पोर्टात नीट आतपर्यंत खोचा. समोरचे पोर्ट शक्यतो टाळाच.

सुरुवातीला सुसाट आणि मग एकदम ढेपाळणं, हे वेगळं दुखणं. कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान साठवण, भरली की पेन ड्राइव्ह किंवा स्वस्त एसएसडी आपल्या खऱ्या वेगावर येते. त्यात बिघाड काही नाही.

हजारो बारीक फाइल्स असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी होते, वर अँटीव्हायरस प्रत्येक तपासतो. आधी झिप करा, मग हलवा.

वेग मधूनमधून शून्यावर येत असेल तर मात्र थांबा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘सी५’ ही ओळ बघा. तिथली कच्ची संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्याहून जास्त म्हणजे डिस्कला काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, वाचताच येत नाहीत. अशा वेळी ‘कट’ अजिबात नको, फक्त ‘कॉपी’, आणि सर्वात महत्त्वाचे फोटो आधी. ‘सी७’ ही केबलवरच्या चुकांची ओळ वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल (आतली डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून भागतं.