पट्ट्याचं नवं भोक

"ताई, वजन उतरवलं की बक्षीस म्हणे. पण आधी सीटवरून उठू तर द्या!"

आमच्या ऑफिसच्या वजन कमी करण्याच्या स्पर्धेबद्दल ऑफिसबसचे ड्रायव्हरकाका आज हे बोलले आणि कमरेचा पट्टा दाखवला. मूळची भोकं संपल्यावर खिळ्याने टोकाशी पाडलेलं एक नवं भोक. ते डोळ्यांपुढून हलेना.

१९५३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. पुढे गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या.

काका सकाळी ६ ला स्टिअरिंगवर बसतात. जेवायला २० मिनिटं, तीही सीटवरच.

आमच्या स्पर्धेतली रोजची १०,००० पावलं त्यांनी टाकायची तरी कुठे?