एका वेलीच्या तीन भाज्या

बाजारातली वालपापडी एकाच वयाची असते. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात गेलात तरी तेच. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी बांधलेली देखणी इमारत, पुढे महापालिकेची कचेरी, मागे भाजीबाजार. आणि तिथल्या टोपल्यांत पाणी मारून चकचकीत केलेल्या, मध्यम पोसलेल्या शेंगा. विकणाऱ्याचंही बरोबर आहे. कोवळी तोडली तर वजन भरत नाही, जून झाली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. घरच्या वेलीचं सुख हे, की शेंगेचं वय आपण ठरवायचं.

त्याआधी मात्र वेल आपला अंत बघते. आषाढात बी टाकलं की श्रावण सरेपर्यंत कंपाउंडची भिंत दिसेनाशी होते, मग शेवग्यावर चढाई, आणि फुलाचा पत्ता नाही. शेजारच्या बेन भिंतीपलीकडून अधूनमधून पाहणी करतात. "भाई, आमां तो पांदडां ज छे!" पानंच पानं, खरं आहे. पण आपल्याकडचे जुने गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. बडोद्यात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात पावणेअकरा. रात्र पुरेशी लांबली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जिथे रात्रभर पडतो, ती बाजू आमच्याकडे उशिराच फुलते. तोवर घाई करून युरिया ओतू नये. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र वेलीला पुरवतच असतात. वर आपण भर घातली की पानांनाच आणखी माज चढतो.

तुरा ताठ उभा राहतो आणि जांभळी फुलं खालून वर उमलत जातात. त्याच देठावर एके सकाळी काळा मावा दाटलेला दिसतो, आणि मुंग्यांची ये-जा. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क, एवढ्यावर बहुतेक भागतं. फारच लडबडलेले तुरे मी सरळ खुडून टाकतो.

आता शेंगा. कोवळी म्हणजे दाणा धरायच्या आतली, वाकवली की कट्‌कन मोडणारी, जिचा दोराही निघत नाही. हिला मसाला घालणं म्हणजे अपमान. तेल, मोहरी, हिंग, ओवा, हिरवी मिरची, मीठ, वर ओलं खोबरं. सुरुवातीला झाकण नाही, आणि आंबट घालायचंच असेल तर अगदी शेवटी; आंबटानं हिरवा रंग मरतो. बेन चिमूटभर सोडा टाकतात. रंग हिरवागार राहतो, पण शेंग गिळगिळीत होते असं माझं मत. (माझ्या गोड्या मसाल्याबद्दल त्यांचंही एक मत आहे, ते इथे नको.)

मग भरलेली. दाणे सालीवर उठून दिसतात, दोन्ही कडांचे दोरे ओढून काढावे लागतात, आणि बोटांना जो तेलकट उग्र वास चिकटतो तो साबणाला दाद देत नाही. इथे वांगं, गोडा मसाला, चिंच-गूळ सगळं शोभतं. उंधियूत सुरतीच पापडी हवी असा बेनचा हट्ट असतो, तरी उत्तरायणाच्या आदल्या दिवशी त्या आमच्या वेलीवरूनही ओंजळभर तोडून नेतात. दुसऱ्या दिवशी पतंग उडवायला गच्चीवर चढायच्या आत डबा येतो.

वेलीच्या शेंड्यावरच्या, हाताला न लागलेल्या शेंगा तशाच वाळू देतो. त्यातले वाल निघतात तपकिरी, कडेला पांढरी रेघ ओढलेले. वाळलेल्या वालात थोडं विषारी द्रव्यही असतं, त्यामुळे भिजवायचे, ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, सोलायचे आणि नीट शिजवायचे. सोलायला घरातले सगळे लागतात. आमसूल-गुळाची उसळ आई कोणाला करू देत नाही. परातभर सालं पडतात आणि डाळिंब्या निघतात वाटी-दोन वाट्या, म्हणून त्या दिवशी वाढायलाही तीच बसते, आणि कोणाच्या पानात किती पडायचं ते तीच ठरवते.