पाच व्होल्टचा पासंग

नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत कूलरशिवाय झोप नाही. बाबा ७८ वर्षांचे. रात्री अकराला त्यांना कूलर हवा असतो आणि पहाटे तीनला थंडी वाजते. मग ते अंधारात भिंत चाचपत बटणापर्यंत जातात. गेल्या उन्हाळ्यात दोनदा उंबऱ्याला अडखळले. म्हणून यंदा वाळ्याच्या ताट्या बदलल्या त्याच आठवड्यात ठरवलं, की खोलीचं तापमान पाहून पंप आणि पंखा आपोआप चालू-बंद होईल असं काहीतरी बनवायचंच.

सामान साधं होतं: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा बोर्ड), तापमान मोजणारा एलएम ३५ सेन्सर, दोन रिलेचं मोड्यूल (रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटण), १६ बाय २ चा एलसीडी पडदा. बर्डीवर एका फेरीत सगळं मिळालं. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घेतली. मी शाळेत गणित शिकवते, मोटरच्या वायरिंगला हात लावत नाही.

टेबलावर लॅपटॉपला जोडून सेन्सर पाहिला, मग रिले पाहिले. दोन्ही ठीक. भिंतीवर लावलं आणि पहिल्याच रात्री गडबड. पडद्यावर ३४.२ होतं. दोन्ही रिले टिक् टिक् करून लागले, आणि आकडा एकदम ३९.१ झाला. शेजारी खिळ्याला पाऱ्याचा थर्मामीटर टांगलेला होता. तो ३४ वरून हलला नाही.

कूलर लागल्याबरोबर खोली पाच अंशांनी तापते, असं माझं यंत्र म्हणत होतं. आणि तापली असं वाटलं की ते कूलर बंदच करणार नाही. म्हणजे बाबांना उठावं लागणारच.

आधी प्रोग्रॅममध्ये वीस रीडिंगची सरासरी घेतली. मग सेन्सरजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. आकडा थरथरायचा थांबला, पण उडी तेवढीच राहिली. इथेच मला थांबायला हवं होतं. सरासरीने इकडे-तिकडे होणारी चूक कमी होते, एकाच बाजूला सरकलेली नाही. हे मी नववीच्या वर्गात शिकवते.

मग व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. पिवळा, स्वस्तातला डीटी ८३०. उनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर त्याने ५.६ दाखवले. मला वाटलं उनोला वीज देणारा चार्जर जास्त व्होल्टेज देतोय. दुसरा चार्जर लावला, तरी ५.६. तिसरा शेजाऱ्यांकडून आणला, त्यावरही तेच. तीन वेगवेगळे चार्जर अगदी एकसारखे बिघडतील कसे? पण रात्रीचा एक वाजला होता आणि हा प्रश्न मला सुचलाच नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय करून राहिली वं इतक्या रात्री?"

सगळं सांगितलं. बाबांनी चाळीस वर्षं इतवारीत धान्याचं दुकान चालवलं. त्यांना व्होल्ट-बिल्ट कळत नाही, पण तोलणं कळतं. मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "याचा पासंग पाहिला का? आधी रिकामी पारडी पाह्य. पासंग असला तं सगळंच माप चुकते."

मी पेन्सिल सेलचं नवं पाकीट फोडलं आणि एक सेल मीटरला लावला. नवा सेल १.६ च्या आसपास असतो. मीटर म्हणाला १.८०. पासंग मीटरमध्येच होता! आतली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी उतरली होती. या स्वस्त मीटरांत आतली बॅटरी खूप उतरली की तुलनेचं व्होल्टेजही खाली येतं, आणि समोरचं व्होल्टेज आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. बॅटरी उतरल्याचं चिन्ह माझ्या मीटरवर कधी उमटलंच नाही. बॅटरी बदलली तेव्हा सेल १.५८ वर आला.

आता तीच पाच व्होल्टची पिन: रिले बंद असताना ४.९१, रिले लागल्यावर ४.५२. मी "जास्त" शोधत होते आणि दुखणं "कमी"चं होतं. टिक् झालं की एलसीडीचा उजेड किंचित मंदावायचा, अक्षरं जराशी फिकट व्हायची. तीन रात्री हे मी पाहत होते आणि त्याचा अर्थ लावत नव्हते.

उनोचा चिप व्होल्टेज मोजतो म्हणजे प्रत्यक्षात गुणोत्तर काढतो. पिनवर जे आलं ते स्वतःच्या पुरवठ्याशी ताडून पाहतो आणि ० ते १०२३ मधला एक आकडा देतो. पुरवठा पूर्ण ५ आहे असं मी प्रोग्रॅममध्ये गृहीत धरलं होतं. पुरवठा ४.५२ वर घसरला की भागाकाराचा छेद लहान होतो आणि आकडा फुगतो. एलएम ३५ बिचारा एका अंशाला १० मिलिव्होल्ट इमानाने देत होता. चार्जरपासून भिंतीपर्यंत मी तीन मीटरची बारीक केबल ओढली होती, आणि दोन रिलेंच्या कॉइल मिळून १४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. तेवढ्यावर त्या केबलमध्येच जवळजवळ ०.४ व्होल्ट पडत होते. टेबलावर लॅपटॉपची केबल हातभर होती, शिवाय सेन्सर आणि रिले मी कधी एकत्र तपासलेच नव्हते.

जाड केबल घेऊन हे थोडं निभावलं असतं, पण मला तो आधारच बदलायचा होता. उनोच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा स्वतःचा संदर्भ असतो आणि पुरवठा खालीवर झाला तरी तो जवळपास जागचा हलत नाही. प्रोग्रॅममध्ये एका ओळीने तो निवडता येतो. नेमका आकडा चिपगणिक वेगळा, १.० ते १.२ मध्ये कुठेही. म्हणून तो निवडून एरेफ पिनवर (संदर्भाचं व्होल्टेज जिथे मिळतं ती पिन) एकदा मोजायचा. माझा १.०८ निघाला, तोच प्रोग्रॅममध्ये घातला. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही रीडिंग टाकून द्यावीत. आणखी एक फायदा: आधी आकड्याची एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची होती, आता अंशाच्या दहाव्या भागाची झाली.

तरीही रिले लागल्यावर ३४.० चं ३५.४ होत होतं.

सोडून देता आलं असतं, दीड अंशाने बाबांना काय फरक पडणार? पण आता मला ते सोडवेना. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवला. एक टोक उनोच्या ग्राउंडला, म्हणजे त्याच्या मायनसला, आणि दुसरं सेन्सरच्या मायनसला लावलं. मायनस आणि मायनस यांच्यात शून्यच असायला हवं. रिले लागले आणि पडद्यावर १४.२ आलं.

सेन्सरचा मायनस मी रिले मोड्यूलजवळच्या पट्टीत खोचला होता. रिलेंचा सगळा करंट परत येताना त्याच बारीक जंपरमधून (जोडवायरमधून) येत होता, आणि त्याने सेन्सरचा "शून्य"च वर उचलला होता. १४ मिलिव्होल्ट म्हणजे सरळ १.४ अंश. सेन्सरच्या मायनसला वेगळी वायर काढून थेट उनोच्या ग्राउंडला सोल्डर केली. रिलेंची परतीची वायर जाड, स्वतंत्र.

काल रात्री बाबा झोपल्यावर मी खुर्ची टाकून पडद्यासमोर बसले. सव्वातीनला २९.८ होतं. टिक्. पंप थांबला, ताट्यांवरून ठिबकणारं पाणी हळूहळू बंद झालं. एलसीडी थोडा उजळला. आकडा २९.८ च राहिला. बाबांनी कूस बदलली आणि चादर खांद्यावर ओढली.